हिब्रू आणि पोर्तुगीज एकाच पानावर: छपाईला देण्याआधी एवढं वाचा

गोव्यातल्या हणजुणे-हरमलच्या शॅकवाल्यांची, इस्रायली पर्यटकांसाठीची हिब्रू मेनूकार्डं आमच्याकडे दर सीझनला येतात. अधूनमधून धर्मशास्त्राचा एखादा प्रबंधही येतो. अडचण दोन्हीकडे तीच. उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू ओळ आणि तिच्या पोटात पोर्तुगीज स्पेलिंगातलं 'बालचाव' किंवा 'चोरीस' असं पदार्थाचं नाव. एकात 'ए'वर टिल्ड, म्हणजे नागमोडी रेघ (ã), दुसऱ्यात 'सी'खाली शेपटी (ç).

हिब्रू हाताने उलटी करू नका, ही पहिली विनंती. युनिकोडात 'कि' टाइप करताना आपण आधी क देतो, मग वेलांटी. पडद्यावर ती क च्या आधी जाऊन बसते. हिब्रूचंही तसंच. अक्षरं वाचायच्या क्रमानेच टाइप होतात, दिशा प्रोग्रॅम सांभाळतो. जुन्या सॉफ्टवेअरला दिशा कळत नसे, तेव्हा आम्हीही अक्षरं उलटी लावायचो. एका ओळीपुरतं ते खपून जायचं. एकदा एका पुस्तिकेचा कॉलम अरुंद केला, उतारा दोन ओळींत तुटला आणि वाक्याचा शेवट वर, सुरुवात खाली! ती पानं आमच्या खर्चाने परत छापली.

हिब्रू येत नसली तरी प्रूफ तपासता येतं. 'शालोम' शोधा. उजव्या टोकाला तीन दांड्यांचं शीन, डाव्या टोकाला बंद डब्यासारखं मेम. हा डबा म्हणजे मेमचं शब्दाच्या शेवटी येणारं रूप. अशी रूपं पाच अक्षरांना आहेत. डबा उजवीकडे दिसला की शब्द उलटा. आकडे मात्र हिब्रूतही डावीकडूनच, 350 चे 053 होता कामा नयेत. पूर्णविराम किंवा कंस भलत्या टोकाला गेला तर परिच्छेदाची दिशा चुकलेली असते. ती आम्ही बदलतो, तुम्ही स्पेस मारून ढकलू नका.

मजकूर वर्डमध्ये, युनिकोडात द्या. व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. पीडीएफमधून उचललेलाही नको. त्यात टिल्ड कधी कधी 'ए'पासून सुटून शेजारी पडतो.

बायबलच्या उताऱ्यांना स्वरचिन्हं (हिब्रू अक्षरांना लागणारे स्वरांचे ठिपके-रेघा) हवी असतील तर आधीच सांगा, त्यांचा फाँट वेगळा निवडावा लागतो. मेनूला ती लागत नाहीत.

आणि प्रूफावर सही करण्याआधी ते हिब्रू वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवा. सीझनमध्ये अशी माणसं तुमच्याच टेबलावर बसलेली असतात.