गुलमर्गचा बर्फ कधीपासून कमी होतोय, जरा मागे जाऊन बघू

२०२४ च्या जानेवारीत मावशी ग्रुप टूरने काश्मीरला गेली होती आणि फॅमिली ग्रुपवर तिचा गुलमर्गचा फोटो आला तेव्हा आधी कुणाच्या लक्षातच येईना की फोटोत नक्की काय चुकलंय. भाड्याचे गमबूट, भाड्याचा जाडजूड कोट, मागे ती उंच झाडं, सगळं बरोबर, फक्त पायाखाली पिवळं सुकलेलं गवत, आपल्याकडे एप्रिलमध्ये माळ दिसतो ना अगदी तसं. बर्फ औषधालाही नाही. गमबूट कशाला घातलेस असं काकाने विचारलं तर म्हणाली, पैसे भरले होते म्हणून घातले.

त्या महिन्यात टीव्हीवर हेच चाललं होतं, गुलमर्ग कोरडं, टुरिस्ट परत चालले वगैरे, शेवटी जानेवारी संपता संपता बर्फ पडला आणि बातमी संपली. एका वर्षाचं खापर अल निनोवर फोडता येतं, ते फोडलंही गेलं. पण काश्मीर-हिमाचलच्या पट्ट्यातला हिवाळी बर्फ कमी होणं ही काय एका वर्षाची भानगड नाहीये आणि त्याची मोजदाद कुठून सुरू झाली हे बघायला गेलं तर गंमत म्हणजे आपण पुण्यात येऊन पोचतो.

शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे, रोज हजारो लोक तिथून जातात, त्याला सिमला का म्हणतात हे विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतील. तर हवामान खात्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला होतं, १९०५ ला सिमल्याला गेलं, १९२८ ला तिथून पुण्यात आलं, म्हणून लोकांच्या तोंडी ते सिमला ऑफिस. (पुढे १९४४ ला मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं.) आणि या खात्याला हिमालयातल्या बर्फाची काळजी पडली ती आपल्या दुष्काळामुळे. १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ, दख्खनला सोलापूर, नगर, पुण्याकडे माणसं पटापट मेली, आणि सरकारने खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लँफर्ड यांना विचारलं की पाऊस पडणार की नाही हे आधी सांगता येईल का. ब्लँफर्डसाहेबांनी जुने आकडे लावून बघितले आणि त्यांना असं दिसलं की हिमालयात बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत राहिला की पुढचा मान्सून कमजोर जातो. मग डोंगरातल्या अधिकाऱ्यांकडून बर्फाचे रिपोर्ट मागवायला सुरुवात झाली आणि ४ जून १८८६ ला मान्सूनचा पहिला अधिकृत अंदाज निघाला तो याच बर्फाच्या जिवावर. म्हणजे सोलापूरला ज्वारी पिकणार की नाही ते कुणीतरी सिमल्याच्या वरच्या डोंगरात बर्फ किती आहे ते बघून सांगत होतं! ते गणित पुढे तेवढं टिकलं नाही, नंतर आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पार पॅसिफिक महासागरापर्यंत धागे जोडले, पण तोपर्यंत बर्फाकडे बघायची सवय लागली होती.

आता हा बर्फ येतो कुठून. मान्सूनच्या ढगांमधून तो येत नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून, कॅस्पियनकडून ओल घेऊन वाऱ्याच्या वरच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे सरकत येतात ते पश्चिमी झंझावात, बातम्यांमध्ये वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते, डिसेंबर ते मार्च महिन्याला पाच-सहा येतात, त्यातले बरेचसे नुसते ढग दाखवून जातात, एक-दोन दमदार आले आणि काश्मीरच्या दक्षिणेच्या पीर पंजाल डोंगररांगेला धडकले की तीन-चार फूट बर्फ एका झटक्यात. हेच झंझावात पुढे सरकले की मागून उत्तरेचं थंड वारं खाली येतं आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपल्या पेपरात येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट आठवत असेल, मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्र सगळीकडे झाली होती, तिच्या मागेही हेच होते.

म्हणजे बर्फ पडायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात, झंझावात यायला हवा आणि तो येईल तेव्हा हवा पुरेशी गार हवी. दुसऱ्या गोष्टीचं काय झालं ते पुण्याच्याच लोकांनी मोजलंय. मनालीला बर्फ आणि कोसळणारे हिमकडे यांचा अभ्यास करणारी डीआरडीओची संस्था होती, सासे, तिथले एम. आर. भुतियानी आणि पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि एन. जे. पवार या तिघांनी जुन्या केंद्रांच्या नोंदी काढून २००७ मध्ये मांडलं की वायव्य हिमालयात शंभर वर्षांत तापमान साधारण १.६ अंशांनी वाढलं, आणि हिवाळे जास्त वेगाने तापतायत. दीड अंश म्हणजे काय असं वाटतं, पण वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंश गार होतं, म्हणजे एक अंश वाढला की बर्फाची रेघ, जिच्या वर बर्फ आणि खाली पाऊस पडतो ती, दीडशे मीटर वर सरकते. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, सिमला २,२०० च्या आसपास, गुलमर्ग २,६५०. श्रीनगर अगदी काठावर बसलेलं आहे, तिथे शून्याच्या जरा वर गेलं की त्याच ढगातून बर्फाऐवजी पाऊस. ढग तेवढाच, पाणीही तेवढंच, पण पांढरं काही नाही.

इथे एक घोळ बरेच जण करतात. बर्फ कमी म्हणजे थंडी कमी असं नाही. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरला उणे ८.८ पर्यंत गेलं होतं, तीस वर्षांतलं सगळ्यात कमी, दल लेक गोठला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये उणे ८.५. आभाळ कोरडं असलं की रात्री सगळी ऊब वर निघून जाते, नळ फुटतात, आणि दिवसा मात्र छान ऊन. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी, मग २० दिवसांचा चिल्लई खुर्द, मग १० दिवसांचा चिल्लई बच्चा, असा तिथला हिशोब. त्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो आणि उन्हाळाभर झेलमला पाणी पुरवतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला तेवढाच बर्फ पंधरा दिवसांत वाहून जातो. म्हणून नुसती टोटल बघून चालत नाही. फेरनमध्ये, म्हणजे त्या लांब काश्मिरी झग्यात, कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) घेऊन बसणाऱ्यांना हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. तिथे पहिल्या बर्फाचं कौतुक तर इतकं जुनं की नीलमत पुराण या काश्मीरच्या जुन्या ग्रंथात त्याचा उत्सव सांगितलाय, नवा बर्फ पडला की नवं मद्य प्यावं म्हणून.

आणि आता हिशोब दोन्ही टोकांना बिघडलाय. २०१८ आणि २०१९ ला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जोरदार बर्फ पडला, सफरचंदाच्या झाडांवर पानं तशीच होती, पानांवर बर्फ साठून फांद्याच्या फांद्या मोडल्या. उलट २०२५ ला गुलमर्गची खेलो इंडिया विंटर गेम्स फेब्रुवारीत व्हायची ती बर्फ नाही म्हणून पुढे ढकलली, ९ ते १२ मार्चला झाली. ब्रिटिशांनी १९२७ ला स्की क्लब काढला ती ही जागा. त्याच हिवाळ्याबद्दल काठमांडूच्या आयसीमॉड या डोंगराळ भागांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने सांगितलं की हिंदुकुश-हिमालयात जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं आणि असं सलग तिसऱ्या वर्षी.

हिमाचलमध्ये हे आधी सफरचंदवाल्यांना कळलं. कोटगढला सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी डिलिशियस जातीची कलमं आणून लावली, त्यावर अख्खा पट्टा उभा राहिला, पण या जातीला हिवाळ्यात हजारेक तास सात अंशांखालची थंडी लागते, तेवढी झोप झाली नाही की कळ्या धड फुटत नाहीत. खालच्या कुल्लूत, बजौरा-भुंतरकडे, बऱ्याच जणांनी सफरचंद काढून डाळिंब लावलं आणि सफरचंद वर वर सरकत गेलं. कुल्लूत डाळिंब, विचार करा, सोलापूरकरांनी काय म्हणावं. सिमल्याचं १९२० पासूनचं स्केटिंग रिंक पण तसंच, तिथे संध्याकाळी पाणी पसरायचं, रात्रीत गोठतं, सकाळी स्केटिंग, मशीन-बिशीन काही नाही. रात्र गार पडली नाही तर सकाळी नुसतं ओलं मैदान.

मावशी परत जायचं म्हणतेय. या वेळी बुकिंग मार्चचं आहे, टूरवालाच म्हणाला, जानेवारी नको.