राज्यशास्त्र : विद्याशाखेचा विकास

राजकारणाविषयीचे चिंतन फार जुने आहे. विद्यापीठातील स्वतंत्र विद्याशाखा म्हणून राज्यशास्त्राचे वय मात्र जेमतेम दीडशे वर्षे आहे. ॲरिस्टॉटल, कौटिल्य, इब्न खल्दून, मॅकियाव्हेली यांना ही विद्याशाखा आपले पूर्वज मानते. अध्यासने, विभाग, नियतकालिके आणि अभ्यासपद्धतींवरचे वाद यांचा इतिहास पाहू गेल्यास तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. त्यातली बहुतेक मोठी वळणे युद्धे, पराभव आणि कोसळलेल्या राजवटी यांनी घडवली.

पूर्वजांपैकी ॲरिस्टॉटलचे ऋण सर्वांत थेट आहे. त्याने आणि त्याच्या शिष्यांनी 158 राज्यघटनांची माहिती जमवल्याचे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेवरील मजकूर इजिप्तमध्ये पपायरसवर सापडला आणि 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या राजवटी शेजारी मांडून त्या का टिकतात आणि का ढासळतात हे पाहण्याची पद्धत तेथूनच आलेली आहे.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात योहान श्युट्टे (Skytte) यांनी 1622 मध्ये वक्तृत्व आणि शासन या विषयांचे अध्यासन स्थापन केले. ते आजही चालू आहे. पण हा अपवाद होता. इतरत्र हा विषय कायदा, इतिहास आणि नीतिशास्त्र यांत विखुरलेला होता, तर जर्मन विद्यापीठांत तो अधिकारी घडवण्याच्या शिक्षणाचा भाग होता. फ्रान्समध्ये चित्र पालटले ते प्रशिया या जर्मन राज्याकडून युद्धात झालेल्या पराभवानंतर. देशाला जाणते नेतृत्व हवे, या तळमळीतून एमील बुत्मी यांनी 1872 मध्ये पॅरिसला राज्यशास्त्राची स्वतंत्र खासगी संस्था उभारली. अमेरिकेत यादवी युद्धात लढलेले आणि पुढे जर्मनीत शिकलेले जॉन बर्जेस यांनी 1880 मध्ये न्यूयॉर्कच्या आजच्या कोलंबिया विद्यापीठात राज्यशास्त्राचे विद्यालय सुरू केले. 1895 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, 1903 मध्ये अमेरिकन राज्यशास्त्र संघटना आणि 1906 मध्ये तिचे नियतकालिक आले.

या पहिल्या पिढीचा भर राज्यघटना, कायदेमंडळे आणि सार्वभौमत्वाच्या व्याख्यांवर होता. वुड्रो विल्सन यांनी मात्र 1885 मध्येच दाखवले, की अमेरिकी काँग्रेसची खरी सत्ता तिच्या समित्यांत असते आणि घटनेचा मजकूर वाचून ती दिसत नाही. 1908 मध्ये इंग्लंडमधील ग्रॅहम वॉलस यांनी मतदाराच्या भावना आणि सवयींकडे, तर आर्थर बेंटली यांनी हितसंबंधी गटांकडे लक्ष वेधले. शिकागो विद्यापीठाचे चार्ल्स मेरियम यांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. ते स्वतः नगरपरिषदेवर निवडून आलेले होते आणि 1911 मध्ये महापौरपदाची निवडणूक हरले होते. राजकारण कसे चालते हे त्यांना पुस्तकांबाहेरही ठाऊक होते. त्यांचे सहकारी हॅरल्ड गॉस्नेल यांनी 1924 च्या सुमारास शिकागोतील काही रहिवाशांना मतदार नोंदणीची आठवण देणारी पत्रे पाठवली, काहींना पाठवली नाहीत आणि दोन्ही गटांतल्या नोंदणीची तुलना केली. आजच्या क्षेत्रीय प्रयोगांचे, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष लोकांमध्ये केलेल्या प्रयोगांचे, मूळ येथे आहे.

जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेचे कायदेपंडितांनी कौतुक केले होते. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर येताच ती निष्प्रभ झाली. उत्तम घटना लोकशाही वाचवू शकत नाही, हा धडा या विद्याशाखेला फार महाग पडला. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले हॅना आरेंट, हान्स मॉर्गेंथाउ, लिओ स्ट्राउस, फ्रान्झ नॉयमान असे अभ्यासक अमेरिकेत आले आणि राजकीय विचार व आंतरराष्ट्रीय संबंध या शाखांचा चेहरा बदलला. 1949 मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय राज्यशास्त्र संघटना स्थापन झाली.

युद्धोत्तर अमेरिकेत सर्वेक्षणे, संगणक आणि प्रतिष्ठानांचा पैसा यांच्या बळावर वर्तनवाद, म्हणजे लोकांचे प्रत्यक्ष राजकीय वर्तन मोजून अभ्यासण्याचा दृष्टिकोन, प्रबळ झाला. डेव्हिड ईस्टन यांनी 1953 मध्ये राजकारणाची व्याख्या ‘समाजासाठी मूल्यांचे अधिकृत वाटप’ अशी केली आणि राज्यसंस्था अभ्यासाच्या केंद्रातून बाजूला सरली. त्यातून मतदान, पक्ष आणि लोकमत यांचे ज्ञान निर्विवाद वाढले. पण व्हिएतनाम युद्ध आणि नागरी हक्कांचा लढा पेटलेला असताना विषयाच्या प्रमुख नियतकालिकांतून त्यांना मिळालेली जागा तोकडी होती, आणि ही उणीव गंभीर मानायला हवी. 1967 मध्ये बंडखोर सदस्यांनी अमेरिकन संघटनेत वेगळा गट स्थापन केला. 1969 च्या अध्यक्षीय भाषणात ईस्टन यांनी स्वतःच ‘उत्तर-वर्तनवादा’ची घोषणा केली. पद्धतीच्या काटेकोरपणापेक्षा प्रश्नाचे महत्त्व मोठे, हा तिचा गाभा होता.

त्याच काळात नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी आधुनिकीकरणाच्या सिद्धांताला अडचणीत आणले. आधुनिक राजकारण येताच जुन्या निष्ठा विरतील, असे हा सिद्धांत गृहीत धरत असे. रजनी कोठारी यांनी 1970 मध्ये दाखवले, की निवडणुकांच्या राजकारणात जातीचेच राजकीयीकरण होते. पुढे अर्थशास्त्रातून विवेकनिष्ठ निवडीचा, म्हणजे माणसे आपला फायदा-तोटा तोलून निर्णय घेतात असे मानणारा, सिद्धांत आला, 1980 च्या दशकात संस्था आणि त्यांचे नियम यांवर भर देणाऱ्या नवसंस्थावादाने राज्यसंस्थेला पुन्हा मध्यभागी आणले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक पाणी, जंगल, मासेमारी यांचे नियम लोक स्वतः कसे बनवतात आणि पाळतात हे अभ्यासले. राज्यशास्त्रात पीएच.डी. केलेल्या या विदुषीला 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पद्धतींवरचा वाद 2000 साली पुन्हा उफाळला. ‘पेरेस्त्रोइका’ या नावाने फिरलेल्या एका निनावी ई-मेलने संख्याशास्त्राच्या वर्चस्वाविरुद्ध आवाज उठवला आणि अनेक नामवंत अभ्यासक त्यात सामील झाले. 2014 मध्ये प्रश्न आणखी टोकदार झाला. स्टॅनफर्ड आणि डार्टमथ येथील संशोधकांनी प्रयोग म्हणून अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील सुमारे एक लाख मतदारांना न्यायाधीशांच्या निवडणुकीबाबत पत्रके पाठवली, त्यांवर राज्याची अधिकृत मुद्रा छापलेली होती. तक्रारी झाल्या, दोन्ही विद्यापीठांनी माफी मागितली. संशोधनासाठी एखाद्या खऱ्या निवडणुकीत किती हस्तक्षेप करावा, याला तोवर विद्याशाखेकडे ठोस उत्तर नव्हते. अमेरिकन संघटनेने माणसांवरील संशोधनाची सविस्तर तत्त्वे 2020 मध्ये मंजूर केली. राजकीय प्रक्रियांवर होणाऱ्या परिणामाची जबाबदारी त्यांत संशोधकावर टाकलेली आहे.