औषधविक्रेत्यांचा व्यवसाय : सिसिलीच्या राज्यातील नियमन

वैद्याने औषध सांगावे आणि ते दुसऱ्याने तयार करून विकावे, ही विभागणी यूरोपात कायद्याने पक्की करण्याचे श्रेय सामान्यतः सिसिलीचा राजा व पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४–१२५०) याला देण्यात येते. यासंबंधीची कलमे दक्षिण इटलीतील मेल्फी येथे जारी झालेल्या संहितेत आढळतात. त्यांना रूढ असलेले ‘सालेर्नोचा फतवा’ हे नाव काटेकोर नाही.

संहिता १२३१ मध्ये जारी झाल्यामुळे तेच वर्ष या व्यवसायाचे जन्मवर्ष म्हणून सर्रास सांगितले जाते. १२४० व १२४१ ही वर्षेही दिली जातात. मूळ संहितेत पुढे पुरवणी कायदे घालण्यात आले व औषधविक्रेत्यांविषयीचे कलम त्यांपैकीच असावे, असे मत असून १२४० च्या सुमाराचा काळ अधिक ग्राह्य वाटतो. सिसिलीचा आधीचा राजा दुसरा रॉजर याच्या साधारणतः ११४० च्या कायद्याने वैद्यांना परीक्षा सक्तीची केली होती, परंतु त्याचा रोख वैद्यांवरच होता. अब्बासी काळातील बगदादमध्ये औषधांची स्वतंत्र दुकाने होती आणि अल्-बीरूनी या विद्वानाच्या अकराव्या शतकातील औषधीग्रंथातही हा व्यवसाय वेगळा मानलेला दिसतो. सिसिलीवर पूर्वी अरबांची सत्ता असल्याने या कायद्यावर अरबी प्रभाव संभवनीय आहे, सिद्ध मात्र नाही.

फ्रेडरिकच्या कायद्यानुसार वैद्याला औषधविक्रेत्याशी भागीदारी करण्यास व स्वतःचे दुकान चालवण्यास मनाई होती. विक्रेत्याने शपथ घेऊन, ठरलेल्या कृतीनुसार व स्वतःच्या खर्चाने औषधे बनवायची असत, आणि पाक व अवलेह यांवर शपथबद्ध देखरेख असे. वर्षाच्या आत खपणाऱ्या औषधांवर औंसामागे ३ तारी (तेथील नाणे), तर त्याहून अधिक काळ ठेवाव्या लागणाऱ्यांवर ६ तारी नफा घेण्याची मुभा होती. औंस हे येथे वजन नसून ३० तारींचे हिशेबी चलन मानल्यास हा नफा अनुक्रमे १० व २० टक्के येतो. तसे मानणेच सयुक्तिक दिसते, कारण वजनावर बेतलेला एकच दर केशराला आणि साध्या मुळ्यांना सारखाच लागू करणे व्यवहारात निभावले नसते. माल पडून राहण्याची जोखीम कायद्याने हिशेबात धरली, ही गोष्ट विशेष होय.

औषधांच्या कृती एकसारख्या करण्याचा प्रयत्न नंतरचा आहे. फ्लॉरेन्सच्या अधिकृत औषधिकोशावर १४९८ हे वर्ष असले, तरी तो जानेवारीत निघाला व तेथील वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे आजच्या गणनेने ते १४९९ ठरते. इंग्लंडमध्ये औषधविक्रेते १६१७ मध्ये किराणा व्यापाऱ्यांच्या संघातून वेगळे झाले; परंतु १७०४ मध्ये उमराव सभेने (हाउस ऑफ लॉर्ड्स) त्यांना औषध सुचवण्याचीही मोकळीक दिल्याने सिसिलीतील विभागणी तेथे उलट सैल झाली.