धूर नाकात, गाठ लघवीच्या पिशवीत

कापसाचा हंगाम सुरू झाला की खान्देशातल्या पेपरांत एक बातमी हमखास येते. अमुक जिनिंगला आग, एवढ्या गाठी खाक, जळगाव-भुसावळहून बंब मागवले. खाली शेवटची ओळ: ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ मालक, हमाल, वॉचमन यांच्यापुरती ती बरोबर असते. बंबावर आलेल्यांचा हिशेब मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लागत नाही, त्याला वीस-तीस वर्षं जावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था फ्रान्समध्ये लिऑनला आहे. जून २०२२ मध्ये तिथे आठ देशांचे २५ शास्त्रज्ञ बसले आणि त्यांनी अग्निशमनाची नोकरी ‘माणसात कर्करोग घडवणारी’ म्हणून पहिल्या गटात टाकली. २००७ मध्ये हीच नोकरी ‘शक्यता आहे’ एवढ्यावर थांबली होती. इथे एक घोटाळा नेहमी होतो. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. धोका किती मोठा, हे गट सांगत नाही. सिगरेटही त्याच गटात आहे, म्हणून फायरमनची नोकरी सिगरेटइतकी घातक ठरत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फायरमनमध्ये इतरांपेक्षा साधारण १६ टक्के जास्त दिसतं; सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांत ते तिपटीच्या आसपास जातं.

पक्का पुरावा दोन कर्करोगांचा आहे. पहिला मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणाचा. त्याचं कारण बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस. आपल्याकडे जुन्या गोदामांवर जे सिमेंटचे पत्रे असतात त्यांत तेच तंतू असतात. आगीत हे पत्रे तडतडून फुटतात आणि तंतू हवेत उडतात. दुसरा कर्करोग मूत्राशयाचा, आणि खरं कोडं तिथेच आहे. धूर नाकातोंडातून आत गेला, तर गाठ लघवीच्या पिशवीत का?

याचा पहिला धागा १८९५ मध्ये फ्रँकफर्टला सापडला. लुडविग रेन नावाच्या शल्यचिकित्सकाला रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. पुढे संशय अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाच्या रसायनांवर गेला. बेंझिनसारखं कडं आणि त्याला चिकटलेला नायट्रोजनचा गट, अशी त्यांची रचना. रंग बनवताना ती लागत, तंबाखूच्या धुरात ती असतात, आणि नायट्रोजन असलेला माल (फोमच्या गाद्या, नायलॉन) जळतानाही ती तयार होऊ शकतात.

हे अमाइन रक्तातून यकृतात पोचतं. यकृताला ते बाहेर काढायचं असतं, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून एक विकर त्याच्या नायट्रोजनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतं. आता ते आधीपेक्षा जास्त घातक झालं. मग यकृत त्याला साखरेपासून बनलेलं ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडतं. एस.टी.च्या पार्सलसारखं बांधलेलं हे गाठोडं पाण्यात विरघळतं, वाटेत कुणाला त्रास देत नाही आणि मूत्रपिंडातून गुपचूप मूत्राशयात उतरतं. घोळ इथे होतो. लघवी बहुधा आम्लधर्मी असते आणि आम्लात हे गाठोडं सुटतं. आतला ऐवज मोकळा होतो, त्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मागे धनभारित नायट्रोजन उरतो. त्याला इलेक्ट्रॉन हवे असतात आणि डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराकडे ते असतात. हा नायट्रोजन त्यालाच जाऊन चिकटतो. पेशी विभागताना त्या जागी चुकीचं अक्षर उतरतं. अशा चुका नेमक्या नको त्या जनुकांत साठत गेल्या की काही दशकांनी गाठ होते.

यकृताकडे दुसरी, सुरक्षित वाटही आहे. नॅट-२ नावाचं विकर अमाइनच्या नायट्रोजनवर आधीच अ‍ॅसिटिलचं टोपण बसवून टाकतं. काहींच्या शरीरात हे विकर झपाट्याने काम करतं, काहींच्यात रेंगाळत. हा फरक १९५०च्या दशकात लक्षात आला, तो क्षयाच्या आयसोनायझिड या औषधामुळे, कारण ते औषधही हेच विकर निपटतं. ज्यांचं विकर मंद, त्यांचं जास्त अमाइन धोक्याच्या वाटेने जातं. कुत्र्यांमध्ये तर हे विकर नसतंच. १९३८ मध्ये अमेरिकेत ह्यूपर या संशोधकांनी रंगकारखान्यातलं एक अमाइन कुत्र्यांना दिलं, तेव्हा त्यांच्या मूत्राशयात गाठी आल्या. विष बाहेर काढण्याच्या खटपटीत शरीरच ते जास्त धारदार करतं! विज्ञानातली मला सगळ्यात आवडणारी विसंगती हीच.

‘बीए सेट लावला की झालं,’ असं फायरमन म्हणतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क, तो हवाच. पण अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये प्रशिक्षणाच्या आगींत पूर्ण सेट लावलेल्या जवानांची लघवी तपासली, तेव्हा काजळीतल्या रसायनांपासून शरीरात बनणारे पदार्थ तिच्यातही वाढलेले निघाले. वाट त्वचेची होती, विशेषतः मानेची, कारण डोकं-मान झाकणाऱ्या हूडचं कापड तिथे पातळ असतं. भुसावळचा मे महिना, पारा पंचेचाळिशीत, जाड कोटाच्या आत घामाने भिजलेली गरम मान. अशी त्वचा रसायनं जास्त शोषते.

त्यात रुईची आग. वरची ज्वाला तासाभरात विझते, पण १७० किलोची दाबलेली गाठ आतून धुमसत राहते. पट्ट्या तोडून, गाठ फोडून, थर उलगडून पाणी मारावं लागतं आणि हे काम कधी दोन-दोन दिवस चालतं. ‘आता काय, नुसता धूर आहे’ म्हणत मास्क उतरतो आणि तोंडावर ओला रुमाल येतो. ओला रुमाल काजळीचे मोठे कण अडवेल, पण वायू आणि वाफा त्यातून आरपार जातात.

नंतर कुणीतरी गुळाचा खडा हातावर ठेवतं. गूळ खाल्ला की छातीतला धूर निघतो म्हणे. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूर श्वासनलिकेतून फुफ्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. चवीला खा, कोण नाही म्हणतं? त्यापेक्षा साबण कामाचा. त्याच इलिनॉयच्या अभ्यासात आगीनंतर कोट जागेवरच ब्रश आणि साबणाच्या पाण्याने धुतला तर या रसायनांचा सुमारे ८५ टक्के थर उतरला. मान ओल्या वाइपने पुसली तरी निम्म्याहून जास्त गेला. काजळलेला कोट गाडीच्या केबिनमध्ये टाकून आणणं किंवा घरच्या कपड्यांत धुवायला देणं, हे मात्र बंद झालं पाहिजे.

आता तपासण्या. अग्निशमन सप्ताहात कुणीतरी ‘संपूर्ण कर्करोग पॅकेज’ घेऊन स्टेशनवर येतं: रक्ताची एक नळी, दहा ट्यूमर मार्कर, म्हणजे गाठीची खूण मानले जाणारे रक्तातले पदार्थ. ज्याला काही त्रास नाही त्याच्यात असे बहुतेक मार्कर शोधण्यात अर्थ नसतो. ते सूजेनेही वाढतात आणि माणूस महिनाभर घाबरून डॉक्टरांच्या दारात फिरतो. मूत्राशयासाठीही त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी करण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. मग करायचं काय?

एक, लघवीतल्या रक्ताकडे दुर्लक्ष नको. आपल्याकडे उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण इतके, की लघवी लाल दिसली की ‘खडा असेल’ म्हणून माणूस पाणी पितो आणि गप्प बसतो. खड्याला बहुधा कळ असते. गाठीचं रक्त अनेकदा न दुखता येतं, एकदा दिसतं आणि मग महिनाभर दिसत नाही, तेव्हा बरं झालं असं वाटतं. एकदाच दिसलं तरी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचं. दुसरं, तोंड उघडून दाखवा. ड्यूटीवर चुना-तंबाखू मळणारे कमी नाहीत. केरळमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत, नुसत्या डोळ्यांनी वेळोवेळी तोंड तपासल्याने तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी झाले. याला मशीन लागत नाही, बॅटरी पुरते. पन्नाशीपुढच्या, वर्षानुवर्षं बिडी-सिगरेट ओढलेल्यांनी फुफ्फुसाच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

आणि एक वही. कुठली आग, काय जळत होतं, मास्क किती वेळ होता, एवढंच तारखेसह त्यात लिहायचं. अनेक पालिकांत फायरमन कंत्राटी असतात, ठेकेदार बदलला की कागद हरवतात. वीस वर्षांनी दवाखान्यात ‘काम काय करत होता?’ असं विचारलं तर ‘पालिकेत होतो’ एवढं सांगून भागत नाही. बंबावर होतो, जिनिंगच्या आणि पीव्हीसी पाइपच्या आगी विझवल्यात, असं सांगितलं तर डॉक्टर लघवीच्या रिपोर्टमधल्या लाल पेशींकडे नीट बघतील.