जुन्या गाडीचं स्टिअरिंग हातोड्याने काढावं का?

"नट काढा, डिझेल सोडा, दांड्यावर हातोडा घाला; स्टिअरिंग हातात येतं." सातारा-सांगलीकडे ऐकू येणारा हा सल्ला कधीकधी लागूही पडतो, म्हणूनच टिकलाय.

पण स्टिअरिंगचं चाक दांड्याच्या खाचांवर, बऱ्याच गाड्यांत निमुळत्या भागावर, गच्च बसलेलं असतं. दणका त्या पकडीतून खाली स्टिअरिंग बॉक्सच्या (दांड्याच्या खालच्या टोकाच्या गिअरपेटीच्या) बेअरिंगपर्यंत जातो. वर दांड्याचं टोक पसरतं. पाहायचंय? मार खाल्लेल्या दांड्यावर नट बोटांनी फिरवा, पहिल्याच आट्याला अडकेल.

त्याऐवजी पुलर, म्हणजे स्क्रूने ओढून काढणारं अवजार, वापरा. तो हबला (चाकाच्या मधल्या भागाला) ओढतो आणि दांड्याच्या टोकावरच रेटतो. बेअरिंगवर भार येत नाही. आधी बॅटरीची तार काढा, नाहीतर हॉर्न बोंबलत बसेल. पुढची चाकं सरळ ठेवून हॉर्नचं बटण काढा, हब आणि दांड्यावर टोकदार पंचाने ठोकून खूण करा. नट सैल करा, पण दोन-तीन आटे राहू द्या; नाहीतर सुटलेलं चाक थेट तोंडावर. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. पुलर हबलाच धरा, रिमला (बाहेरच्या कड्याला) कधीच नाही. ताण हळूहळू वाढवा, मध्ये थांबा. "टक्" आवाज आला की सुटलं. ज्योतीने तापवू मात्र नका, जुनी रिम तडकते.