मल्टिपल स्क्लेरोसिस आणि रुग्णाचा आनंद : सकारात्मक मानसशास्त्राची पार्श्वभूमी

१९२६ साली ब्रिटनमधील चेताविकारतज्ज्ञ किनियर विल्सन आणि त्यांचे सहकारी कॉट्रेल यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घ आजार झालेल्या १०० रुग्णांना त्यांच्या मनःस्थितीविषयी ठरावीक प्रश्न विचारले आणि आलेली उत्तरे एका शोधनिबंधात मांडली. शरीर हळूहळू निकामी होत असताना रुग्ण खचलेले असतील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. पण यांतले जवळपास दोनतृतीयांश रुग्ण आनंदी असल्याचे त्यांना आढळले, आणि आपले शरीर उत्तम आहे असे वाटणाऱ्यांचे प्रमाण तर त्याहूनही अधिक निघाले. या आनंदाला, या शारीरिक सुखाच्या जाणिवेला आणि बरे होण्याच्या आशेला त्यांनी वेगवेगळी नावे दिली. आशेचे नाव होते ‘स्पेस स्क्लेरोटिका’. लॅटिनमध्ये ‘स्पेस’ म्हणजे आशा. अशा रीतीने रुग्णाच्या मनातील आशा ही हातापायांच्या कंपाप्रमाणे किंवा अडखळत्या बोलण्याप्रमाणे रोगाचे एक लक्षण ठरली.

आज त्याच रोगाच्या रुग्णांना आशा, कृतज्ञता आणि आनंद जाणीवपूर्वक जोपासण्याचे सराव शिकवले जातात आणि त्यांचा परिणाम चाचण्यांमधून मोजला जातो. ज्या भावनेकडे वैद्यकाने मेंदूतील बिघाडाची खूण म्हणून पाहिले, तिच्याकडे उपचाराचे साधन म्हणून पाहण्यापर्यंतचा हा प्रवास सरळ झालेला नाही, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा आनंदाचा नसून नैराश्याचा आहे.

या रोगात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता यांतील चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते आणि तेथे कठीण झालेले वण उरतात. रोगाचे नाव या वणांवरूनच पडले आहे. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार २८ लाखांहून अधिक लोकांना हा रोग आहे. बहुतेकांना तो विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात गाठतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट आढळते. बहुसंख्य रुग्णांमध्ये तो झटक्यांनी येतो आणि ओसरतो, त्यामुळे पुढच्या वर्षी आपण चालत असू की नाही, याचे उत्तर कोणाकडेच नसते. भावनांच्या बाबतीत या रोगाची अडचण दुहेरी आहे. आयुष्याची घडी विस्कटल्याने माणूस दुःखी होतो, हे कोणत्याही दीर्घ आजारात खरे असते. येथे मात्र भावना ज्या अवयवाच्या आधारे जाणवतात, त्याच अवयवावर वण पडलेले असतात. रुग्ण हसला किंवा रडला, तर ते त्याचे स्वतःचे हसू-रडू की रोगाचे, हा प्रश्न म्हणूनच पहिल्यापासून या रोगाला चिकटून राहिला.

पॅरिसमधील सालपेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले, तेव्हाही स्मरणशक्तीचा मंदावलेपणा, भावनांचा बोथटपणा आणि विनाकारण येणारे हसू किंवा रडू यांची त्यांनी नोंद घेतली होती. रुग्णांना काय वाटत होते, हे मात्र त्या काळाबद्दल आपल्याला त्यांच्या स्वतःच्या लिखाणातूनच कळते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते याला १८२२ मध्ये दृष्टीचा त्रास सुरू झाला आणि पुढची अनेक वर्षे तो आपल्या लक्षणांची रोजनिशी लिहीत राहिला. रोगाचे नाव त्याला कधीच कळले नाही, कारण ते अजून ठरलेच नव्हते. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाच्या वेळी नाव होते, पण ते सांगितले जात नव्हते. १९१५ मध्ये सैन्यभरतीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी दिलेले बंद पत्र त्याने घरी परतताना आगगाडीत उघडले आणि आपला रोग त्याला त्या पत्रातून समजला. रुग्णाला आजार न सांगणे हे त्या काळी सौजन्य मानले जाई. ज्यांना आपल्या रोगाचे नावच ठाऊक नव्हते, अशा रुग्णांची बरे होण्याची आशा ‘अवास्तव’ ठरवण्यात कितपत अर्थ होता, ही शंका जुने अहवाल वाचताना मनात येतेच.

असे असले तरी विल्सन आणि कॉट्रेल यांचे निरीक्षण पाठ्यपुस्तकांमध्ये घट्ट रुजले आणि पुढची कित्येक दशके युफोरिया, म्हणजे परिस्थितीशी न जुळणारा आनंद, या रोगाची ओळख म्हणून शिकवला जात राहिला. हे चित्र बदलायला १९६९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सरिज या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात सुमारे चौथा हिस्सा रुग्णांमध्ये युफोरिया, तर जवळपास तितक्याच रुग्णांमध्ये नैराश्य आढळले. याहून महत्त्वाचे म्हणजे युफोरिया हा बौद्धिक क्षमता घटलेल्या रुग्णांमध्ये प्रामुख्याने दिसत होता. तो खोटा नव्हता, पण तो रोगाच्या पुढच्या अवस्थेचा आणि मेंदूच्या विस्तृत हानीचा भाग होता. सर्वसाधारण रुग्णाचा तो स्वभाव नव्हता. विनाकारण आणि अनावर येणारे हसू-रडू हा तर आणखी वेगळा प्रकार असल्याचे स्पष्ट झाले. त्यात भावनेच्या आविष्कारावरचा ताबा सुटतो, आणि माणूस दुःखी नसतानाही हुंदके देऊ शकतो. या त्रासावर अमेरिकेत २०१० मध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडीन यांच्या संयुक्त औषधाला मान्यता मिळाली. एकेकाळी ‘भावनिक लक्षणे’ या एकाच पेटीत टाकलेल्या गोष्टी अशा एकेक करून वेगळ्या होत गेल्या.

पेटी रिकामी झाल्यावर तळाशी जे उरले ते नैराश्य होते. या रोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी तीव्र नैराश्याला सामोरे जावे लागते, असे १९९० च्या दशकातील अभ्यासांतून पुढे आले. १९९१ मध्ये कॅनडातील एका पाहणीत आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सात पटींहून अधिक दिसले. पुढील अभ्यासांत हा आकडा बराच खाली आला, तरी धोका वाढलेला असतो याबद्दल दुमत राहिले नाही. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा हे रोगाची वाटचाल बदलणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले, तेव्हा ते घेणाऱ्यांमध्ये नैराश्य वाढते का, या चिंतेने चेताविकारतज्ज्ञांना रुग्णांच्या मनःस्थितीची चौकशी करणे भाग पडले. नैराश्य ओळखणे मात्र सोपे नव्हते. थकवा, झोपेच्या तक्रारी, एकाग्रतेचा अभाव ही नैराश्याची लक्षणे म्हणून प्रश्नावल्यांमध्ये मोजली जातात, आणि हीच या रोगाचीही नेहमीची लक्षणे आहेत. त्यामुळे कधी रोगच नैराश्य म्हणून गणला जाई, तर कधी नैराश्य रोगाच्या नावावर खपून जाई. ‘एवढा मोठा आजार आहे, तर वाईट वाटणारच’ हे वाक्य सहानुभूतीचे वाटले, तरी त्याच्या आडोशाने उपचार होऊ शकणारे नैराश्य कित्येक वर्षे तसेच राहिले.

हा झाला एक धागा. दुसरा धागा सकारात्मक मानसशास्त्राचा, म्हणजे माणसाची बलस्थाने, आशा आणि समाधान यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा, आणि तो या रोगाच्या इतिहासाबाहेर विणला जात होता. अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ मध्येच ‘सकारात्मक मानसशास्त्र’ असा शब्दप्रयोग केला होता आणि मारी याहोडा यांनी १९५८ मध्ये मानसिक आरोग्य म्हणजे केवळ मनोविकाराचा अभाव नव्हे, अशी मांडणी केली होती. अपंगत्वाच्या दृष्टीने याहून जवळची परंपरा पुनर्वसन मानसशास्त्राची आहे, आणि तिचा उल्लेख फार कमी होतो. टमारा डेम्बो आणि बीअट्रिस राइट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी आणि अपंग माणसांसोबत काम करताना, व्यक्तीकडे काय उरले आहे आणि ती कशात समर्थ आहे याकडे लक्ष दिले पाहिजे, असा आग्रह धरला. बाहेरून पाहणारा अपंगत्वाची कल्पना करतो आणि आतला माणूस ते जगतो, त्यामुळे दोघांची मोजमापे जुळत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण होते. १९९९ मध्ये ऑलब्रेक्ट आणि देव्हलिगर यांनी यालाच अपंगत्वाचा विरोधाभास म्हटले : गंभीर अपंगत्व असलेल्या अनेकांनी आपले जीवनमान चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले होते. विल्सन आणि कॉट्रेल यांच्यासमोर बसलेल्या काही रुग्णांचेही कदाचित इतकेच म्हणणे असेल.

१९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी या विचाराला चळवळीचे रूप दिले. २००० च्या जानेवारीत मिहाय चिकसेंटमिहाय यांच्यासह त्यांनी असोसिएशनच्या नियतकालिकाचा या विषयावरील विशेषांक काढला. बार्बरा फ्रेडरिकसन यांनी आनंद, कुतूहल, समाधान यांसारख्या भावना माणसाच्या विचारांचा आवाका वाढवतात आणि पुढे उपयोगी पडणारी मानसिक व सामाजिक शिदोरी तयार करतात, असा सिद्धान्त मांडला. २००३ मध्ये एमन्स आणि मॅक्कलो यांनी कृतज्ञतेच्या नोंदींचे प्रसिद्ध प्रयोग केले, त्यांतल्या एका प्रयोगातले सहभागी चेता-स्नायू विकार असलेले प्रौढ होते, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने विसरता येण्यासारखी नाही. २००५ मध्ये सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी रोज तीन चांगल्या घटना कारणांसह लिहिणे आणि आपली बलस्थाने नव्या प्रकारे वापरणे हे दोन सराव काही महिने टिकणारा परिणाम देतात, असे दाखवले. यांतले बहुतेक सराव बसल्या जागी, थोड्या वेळात आणि थकव्याच्या दिवशीही करता येण्याजोगे होते, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी ही बाब सिद्धान्ताइतकीच मोलाची होती.

दोन्ही धागे जेथे भेटले ते ठिकाण अनपेक्षितपणे गुंतागुंतीचे निघाले. १९९९ मध्ये डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी या रोगाचा आपल्या जीवनावर काय परिणाम झाला, हे रुग्णांच्याच शब्दांत नोंदवले, तेव्हा खचलेपण आणि ताणलेली नाती यांच्या जोडीला एक तिसरी गोष्ट पुढे आली : आजारातून काही मिळाल्याची भावना. नाती अधिक खोल झाली, जगण्याची किंमत कळली, असे रुग्ण सांगत होते. अशी भावना असणारे रुग्ण अडचणींना अधिक समर्थपणे तोंड देत होते. मात्र त्यांच्यात चिंता आणि रागही अधिक होता. जो माणूस आजाराशी खरोखर झुंजतो त्याला तो अधिक जाणवतो, असा याचा एक अर्थ लावता येतो, आणि मला तो पटतो. ऑस्ट्रेलियातील केनेथ पॅकेनहॅम यांच्या २००५ च्या अभ्यासात हीच भावना जीवनातील समाधान आणि प्रसन्नता यांच्याशी ठळकपणे जोडलेली दिसली. मानसिक त्रास कमी असण्याशी तिचा संबंध त्या मानाने क्षीण होता. सुख वाढणे आणि दुःख घटणे ही एकाच काट्याची दोन टोके नाहीत, हे या रोगाच्या संदर्भात येथे आकड्यांनी दिसले.

पुढील चाचण्या याच समजुतीवर उभ्या राहिल्या. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पॉल ग्रॉसमन यांनी १५० रुग्णांवर आठ आठवड्यांच्या सजगता (माइंडफुलनेस) प्रशिक्षणाची, म्हणजे मन वर्तमान क्षणावर ठेवण्याच्या सरावाची, चाचणी प्रसिद्ध केली आणि त्यात जीवनमान, नैराश्य व थकवा या तिन्हींत सुधारणा दिसली. सजगतेचे मूळ सकारात्मक मानसशास्त्रात नाही, पण भावनिक स्वास्थ्याचे प्रशिक्षण हा संशोधनाचा गंभीर विषय ठरण्यास या चाचणीने मोठा हातभार लावला. २०१६ मध्ये राखेल म्युलर आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जारज्जूची इजा आणि इतर अपंगत्वासह दीर्घकाळ वेदना असलेल्या ९६ जणांचे दोन गट केले आणि त्यांतल्या एका गटाला ज्याच्या-त्याच्या प्रकृतीनुसार निवडलेले सराव आठ आठवडे दिले. या गटाचे जीवनातील समाधान वाढले आणि वेदनेचा जाचही कमी झाला.

टीकाही याच काळात तीव्र झाली. जेम्स कॉइन आणि हॉवर्ड टेनेन यांनी २०१० मध्ये कर्करोगाच्या संदर्भात सकारात्मक मानसशास्त्राचे दावे पुराव्याच्या फार पुढे गेल्याचे दाखवून दिले. प्रसन्न राहिल्याने रोग मागे हटतो, असे मानले, की रोग बळावल्यावर रुग्णच दोषी ठरतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये या धोक्याला एक जुनी छटा आहे. येथे रुग्णाच्या आनंदावर पूर्वी अविश्वास दाखवला गेला होता, आणि आता आनंदी न राहिल्याबद्दल त्याला जाब विचारला जाण्याची शक्यता निर्माण झाली. या सरावांमुळे मेंदूतील वण कमी होतात असा पुरावा नाही, आणि जबाबदार संशोधकांनी तसा दावा केलेलाही नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१४ मध्ये या रोगातील भावनिक विकारांवरील पुराव्याचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक उपचारांबाबत पुरावा अपुरा असल्याचा निष्कर्ष निघाला. नैराश्याच्या लक्षणांसाठी ज्याचा विचार करता येईल असे जे थोडे उरले, त्यात १६ आठवडे दूरध्वनीवरून दिली जाणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती, होती. मोर यांनी २००५ मध्ये १२७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत ही पद्धत दूरध्वनीवरूनच दिल्या जाणाऱ्या भावनिक आधाराच्या उपचारांशी ताडून पाहिली होती. थेरपी काही बाबतींत सरस ठरली, पण सुधारणा दोन्ही गटांत झाली. पुढे २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉन एडी यांनी १६३ रुग्णांमध्ये स्व-व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाची तुलना दूरध्वनीवरूनच दिलेल्या निव्वळ माहितीशी केली, तेव्हाही दोन्ही गटांना फायदा झाला. यांत गुण सरावाचा किती आणि ठरलेल्या वेळी येणाऱ्या त्या फोनचा किती, हे वेगळे काढण्याच्या प्रयत्नात संशोधन सध्या आहे.