बेव्हन, कवळी आणि भिशीचं गणित

समजा, एका गावात शंभर घरं आहेत. वर्षाकाठी सरासरी एका घरावर मोठ्या ऑपरेशनचा खर्च येतो. सगळ्यांनी भिशीसारखी वर्गणी काढली, तर पैसे पुरायला हवेत. पण बारा वर्षांतून एखादं वर्ष असं निघतं की ऑपरेशनं तीन किंवा त्याहून जास्त होतात आणि पेटीत खडखडाट होतो. घरं एक लाख असतील, तर ऑपरेशनं हजाराच्या आसपास धरा. बहुतेक वर्षी खरा आकडा ९४० ते १०६० मध्येच राहतो. माणसं वाढली की चढउतार मावळतात.

मात्र यात एक अट आहे: सगळ्यांवर एकदम संकट येता कामा नये. वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावात नेमकं तेच होत असे. तिथल्या मेडिकल एड सोसायटीत कामगार पगारातून वर्गणी भरत आणि त्यातून डॉक्टर, औषधपाणी मिळे. १९२० च्या दशकाअखेर गावातले ९५ टक्के लोक तिच्या छत्राखाली होते. पण सगळ्यांच्या छातीत धूळ एकाच खाणीची, आणि खाण बंद पडली की वर्गणीही बंद!

अनायरिन बेव्हन याच गावचे. जन्म १८९७ चा, तेराव्या वर्षी खाणीत. वडील १९२५ मध्ये कोळशाच्या धुळीनं गेले. ही धूळ फुप्फुसाच्या वायुकोशांत बसते. भक्षक पेशी ती गिळतात, पण त्यांना पचत नाही, आणि तिथं व्रण धरत जातो. कायद्याच्या यादीत तेव्हा हा आजार नव्हता, म्हणून भरपाई शून्य.

१९४५ मध्ये ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हन यांनी गावाची भिशी देशाची केली. पैसा मुख्यतः करातून, उपचार सगळ्यांना मोफत. फेब्रुवारी १९४८ मधल्या कौलात मत देणाऱ्या दहातले जवळजवळ नऊ डॉक्टर विरोधात गेले. बेव्हन यांनी बड्या तज्ज्ञांना खासगी प्रॅक्टिस चालू ठेवायची मुभा दिली. तत्त्वाला मुरड घातली म्हणा, पण गाडा पुढे सरकला. ५ जुलै १९४८ ला नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली.

मग दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. वर्षानुवर्षं अंग बाहेर आलेलं असतानाही घरकाम ओढत राहिलेल्या बायका पहिल्यांदाच डॉक्टरांकडे आल्या. तोवर लोक दुकानातले चष्मे एकेक करून डोळ्यांवर लावत आणि ज्यातून दिसेल तो घेत. काही भागांत तर पुढचा खर्च नको म्हणून लग्नाआधी मुलीचे सगळे दात उपटून कवळी बसवत. चष्म्यांचा आणि कवळ्यांचा खर्च अंदाजाबाहेर गेला. आजार वाढले नव्हते; ते आत्तापर्यंत कुठल्या वहीत चढलेच नव्हते.

१९५१ मध्ये कोरियन युद्धामुळे संरक्षणखर्च वाढला, तेव्हा सरकारनं चष्म्याचा आणि कवळीचा काही भार रुग्णांवर टाकायचं ठरवलं. रक्कम फार मोठी नव्हती. तोवर कामगारमंत्री झालेल्या बेव्हन यांनी एप्रिलमध्ये राजीनामा दिला.